बिघडलेले हार्डवेअर इंटरप्ट आणि लिनक्स ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिनक्स कर्नलसाठी डिव्हाइस ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांच्या कार्डाचा इंटरप्ट (म्हणजे 'माझ्याकडे पाहा' अशी कार्डाने सीपीयूला मारलेली हाक) नको तेव्हा येतो, हवा तेव्हा येत नाही, किंवा एकदा आला की थांबतच नाही, त्यांच्यासाठी. फंक्शनांची आणि फ्लॅगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः पीसीआय आणि एक्स८६ वरची आहेत, कारण सामायिक लाइनचा जाच तिथेच सर्वांत जास्त जाणवतो.

लॉगमध्ये 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' असं आलं आणि तेव्हापासून मशीन रडतखडत चालतंय. नेमकं काय झालं?

एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दाराला घंटा एकच, आत बिऱ्हाडं पाच. घंटा वाजली की प्रत्येक बिऱ्हाडातून कोणीतरी डोकावतं: 'आमच्याकडे आलेत का?' ज्यांचा पाहुणा असेल ते त्याला आत घेतात आणि घंटा थांबते. पीसीआय या कार्डं जोडायच्या बसची जुनी इंटरप्ट लाइन अशीच सामायिक आहे; आयआरक्यू १६ हा अशाच एका लाइनचा क्रमांक. शिवाय ती लेव्हल-ट्रिगर्ड आहे, म्हणजे पाहुण्याला आत घेईपर्यंत तो बटणावरचं बोट काढत नाही.

कर्नल त्या लाइनवर नोंदवलेले सगळे हँडलर, म्हणजे ड्रायव्हरांनी इंटरप्टसाठी दिलेली फंक्शनं, एकामागून एक बोलावतो. प्रत्येकाने एकतर 'आयआरक्यू_हँडल्ड' म्हणायचं, म्हणजे माझं होतं, मी पाहिलं. किंवा 'आयआरक्यू_नन', म्हणजे माझं नाही. सगळेच 'नन' म्हणाले तर तो इंटरप्ट अनाथ. एखाददुसऱ्या अनाथ इंटरप्टने कर्नल बिथरत नाही. दोन अनाथांमध्ये १०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर असेल तर अनाथांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पण दर १,००,००० इंटरप्टला हिशेब होतो आणि त्यांतले ९९,९०० हून जास्त अनाथ निघाले तर कर्नल लाइनच बंद करतो. स्टॅक ट्रेस आणि त्या लाइनवरच्या हँडलरांची यादी लॉगमध्ये येते आणि शेवटी 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६' ही ओळ.

यानंतर मशीन पूर्ण थांबत नाही, फक्त रडतखडत चालतं, याचं कारण पुष्कळांना माहीत नसतं. बंद केलेल्या लाइनवरचे सामायिक हँडलर कर्नल टायमरवर दर १०० मिलिसेकंदांनी स्वतः बोलावत राहतो, म्हणजे सेकंदाला दहा वेळा. त्याच लाइनवर यूएसबी कंट्रोलर असेल तर माउस धक्के खात सरकतो, नेटवर्क कार्ड असेल तर पिंगचा आकडा एकदम शंभराच्या घरात जातो. लक्षणं अशी दिसली तर लॉगमध्ये थोडं मागे जाऊन ही ओळ शोधाच.

आकडा बहुतेकदा १६च का? पीसीवर आयओ-एपिकच्या (इंटरप्ट सीपीयूकडे नेणाऱ्या कंट्रोलरच्या) पहिल्या १६ लाइन जुन्या आयएसए बसच्या इंटरप्टांसाठी राखलेल्या असतात आणि पीसीआयच्या सामायिक लाइन १६ पासून पुढे जोडलेल्या असतात. पहिल्याच लाइनवर गर्दी सर्वांत जास्त.

दोष हार्डवेअरचा की माझ्या ड्रायव्हरचा, हे ओळखायचं कसं?

आधी स्वतःच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. मी वर्षानुवर्षं हाच क्रम ठेवला आहे आणि त्याचा पश्चात्ताप कधी झालेला नाही.

'/प्रॉक/इंटरप्ट्स' मध्ये त्या लाइनवर कोण कोण बसलंय ते पाहा. मग '/प्रॉक/आयआरक्यू/१६/स्प्युरियस' उघडा. तिथे एकूण मोजणी, अनाथांची मोजणी आणि शेवटचा अनाथ कधी आला ते, अशा तीन गोष्टी मिळतात. एफट्रेस या कर्नलच्या ट्रेसिंग साधनात 'आयआरक्यू_हँडलर_एंट्री' (यात हँडलरचं नाव येतं) आणि 'आयआरक्यू_हँडलर_एक्झिट' हे इव्हेंट चालू केलेत तर कोणत्या हँडलरने 'हँडल्ड' म्हटलं आणि कोणी 'अनहँडल्ड', हे ओळीओळीने दिसतं.

खरा निकाल लागतो तो 'एलएसपीसीआय' ही पीसीआय डिव्हाइसं दाखवणारी कमांड दोन 'व्ही' लावून चालवल्यावर. प्रत्येक डिव्हाइसच्या स्टेटस ओळीच्या शेवटी 'आयएनटीएक्स' पुढे अधिक किंवा उणे असतं. अधिक म्हणजे हे डिव्हाइस आत्ता बटण दाबून उभं आहे. वादळ (न थांबणारा इंटरप्टांचा मारा) चालू असताना तुमच्या कार्डासमोर अधिक दिसतंय आणि तुमचा हँडलर 'माझं नाही' म्हणतोय, तर चूक तुमच्या कोडात आहे: एखादा स्टेटस बिट तुम्ही तपासतच नाही आहात. अधिक अशा डिव्हाइससमोर असेल ज्याचा ड्रायव्हरच लोड झालेला नाही, तर बायोसने किंवा आधीच्या ड्रायव्हरने ते बोलतं ठेवून सोडलंय. आणि त्या लाइनवरच्या एकाही डिव्हाइससमोर अधिक नसताना इंटरप्ट येतच असतील, तर संशय मधल्या ब्रिजवर (दोन बस जोडणाऱ्या चिपवर) किंवा इंटरप्ट वळवणाऱ्या चिपसेटवर जातो.

एक सावधगिरी. हा स्टेटस बिटही काही चिपवर खोटा असतो. इंटेलच्या एक्स७१० आणि एक्सएल७१० नेटवर्क चिपमध्ये तो चालतच नाही, आणि सदोष हार्डवेअरचे उपाय नोंदवणाऱ्या कर्नलच्या 'क्वर्क्स' फाइलमध्ये त्यांच्यासाठी तशी स्पष्ट नोंद आहे. म्हणून डिव्हाइसचं स्वतःचं स्टेटस रजिस्टरही वाचून पाहा.

हँडलरमधून नेहमीच 'हँडल्ड' परत केलं की तो मेसेज येत नाही. मग तसंच ठेवलं तर?

कृपा करून ठेवू नका. कोड तपासताना याच एका गोष्टीवर मी अडून बसतो.

लाइन कुठे बिघडली हे कळायला कर्नलकडे स्वतःचे डोळे नाहीत. हँडलरांची साक्ष हाच त्याचा एकमेव पुरावा. तुमच्या हँडलरने डोळे झाकून 'माझंच होतं' म्हटलं की ९९,९०० ची मर्यादा कधीच गाठली जात नाही, लाइन कधीच बंद होत नाही, आणि बिघाड झाला तर एक सीपीयू कायमचा त्या हँडलरमध्ये अडकून बसतो. आधी निदान कारण सांगणारा मेसेज तरी मिळत होता. आता मिळतो सॉफ्ट लॉकअप, म्हणजे सीपीयू अडकल्याची तक्रार, आणि तिच्यात तुमच्या ड्रायव्हरचं नाव असेलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या लाइनवर दुसऱ्याच कार्डाचा बिघाड असेल तर तुमचा हँडलर त्याच्यासाठी खोटी साक्ष देतो आणि भलताच माणूस भलत्याच ठिकाणी आठवडाभर शोधत बसतो.

प्रामाणिक हँडलर छोटा असतो. स्टेटस वाचा. शून्य असेल तर 'नन'. सगळे बिट एक असतील तर कार्ड बसवरून गेलेलं आहे, तेव्हाही 'नन'. आपण चालू केलेल्या बिटांशी 'अँड' करून काही उरत नसेल तर 'नन'. उरलं तरच काम करा आणि 'हँडल्ड' म्हणा.

अपवाद एकच, आणि तो पुढच्याच प्रश्नात आहे.

मी स्टेटस साफ करतो, तरी हँडलर लगेच पुन्हा बोलावला जातो आणि दुसऱ्या वेळी स्टेटस शून्य असतं. कार्ड खराब आहे का?

बहुधा नाही. पीसीआयवरचं लिहिणं 'पोस्टेड' असतं. सीपीयूने रजिस्टरवर लिहिलं म्हणजे ते कार्डापर्यंत पोचलं असं नव्हे. ते वाटेतल्या ब्रिजच्या बफरमध्ये असू शकतं. तेवढ्यात हँडलर संपतो, कर्नल एंड-ऑफ-इंटरप्ट पाठवतो, आणि त्या क्षणी लाइन अजून खाली ओढलेलीच असते. आयओ-एपिक पुन्हा इंटरप्ट देतो. तोवर तुमचं लिहिणं पोचलेलं असतं, म्हणून स्टेटस शून्य.

उपाय एका ओळीचा: साफ केल्यावर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचा. वाचन आपल्यापुढचं सगळं लिहिणं पुढे ढकलत नेतं आणि उत्तर घेऊनच परततं. एका वाचनाला साधारण मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो; ती किंमत रास्त आहे. ही ओळ लिहिताना वर कॉमेंट जरूर टाका, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी 'हे वाचलेलं मूल्य कुठे वापरलेलंच नाही' म्हणून ती काढून टाकेल.

वाचूनही कार्ड लाइन सोडायला उशीर करत असेल, तर मात्र तो कार्डाचा दोष. अशा कार्डासाठी 'नुकतंच मी साफ केलं होतं' एवढी आठवण ठेवून, काही मायक्रोसेकंदांच्या आत आलेला एकच रिकामा इंटरप्ट आपला मानला तर चालतं. सलग दुसरा मात्र आपला मानू नका.

एमएसआयवर गेलं की हे सगळे त्रास संपतात का?

सामायिक लाइनचे संपतात, आणि ते फार मोठं सुख आहे. मेसेज सिग्नल्ड इंटरप्टमध्ये वेगळी तार नसते. डिव्हाइस ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहितं, तोच इंटरप्ट. वाटणी कोणाशी करावी लागत नाही. एमएसआयमध्ये ३२ पर्यंत व्हेक्टर (वेगवेगळे इंटरप्ट) मिळतात, एमएसआय-एक्समध्ये २,०४८ पर्यंत. आणखी एक फायदा असा की हे लिहिणं त्याच डिव्हाइसच्या आधीच्या डीएमए लिहिण्याला (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिण्याला) ओलांडून पुढे जात नाही. इंटरप्ट आला तेव्हा डेटा मेमरीत पोचलेला असतो. जुन्या तारेच्या बाबतीत ही खात्री नव्हती, म्हणून तिथे आधी रजिस्टर वाचावं लागे.

पण एमएसआयही बिघडलेलं असतं. कुठे चिपसेट ते पुढे पाठवत नाही. कुठे डिव्हाइसमध्येच घोटाळा असतो: ब्रॉडकॉमच्या काही टिगॉन३ चिप आणि एटीआयचे काही साटा कंट्रोलर असे आहेत की जुनी लाइन बंद करणारा कमांड रजिस्टरचा दहावा बिट लावला की त्यांचं एमएसआयही गप्प होतं. कर्नलमध्ये त्यांच्यासाठी वेगळा फ्लॅगच आहे.

अशा वेळी कसं वागावं याचा वस्तुपाठ टिगॉन३ चिपच्या टीजी३ ड्रायव्हरमध्ये आहे. इंटरफेस वर आणताना तो एमएसआयवर विसंबत नाही. चिपला मुद्दाम एक इंटरप्ट द्यायला लावतो आणि तो येतो का ते थोडा वेळ पाहतो. आला नाही तर लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की एमएसआयने इंटरप्ट आला नाही, जुन्या लाइनवर परत जात आहे, कृपया पीसीआयच्या मेंटेनरना चिपसेटच्या माहितीसह कळवा. मग जुन्या लाइनवर हँडलर नोंदवून चिप रीसेट करतो. तुमच्या कार्डात 'चाचणी इंटरप्ट' देणारा बिट असेल तर हा कोड चाळीस-पन्नास ओळींत होतो आणि पुढचे कित्येक फोन वाचतात.

माझं कार्ड निर्दोष आहे, पण मधला ब्रिजच लाइन सोडत नाही. आता?

हा या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये जुन्या इंटरप्टची तार उरलीच नाही. तिची नक्कल दोन मेसेजांनी केली जाते: 'असर्ट' म्हणजे बटण दाबलं, 'डिअसर्ट' म्हणजे सोडलं. जुनं पीसीआय कार्ड नव्या मदरबोर्डावर लावता यावं म्हणून मध्ये जो ब्रिज असतो, त्याने खऱ्या तारेवरची हालचाल पाहून हे मेसेज पाठवायचे. असर्ट पोचला आणि डिअसर्ट कधी निघालाच नाही, तर वरचा रूट कॉम्प्लेक्स (पीसीआय एक्सप्रेसचं सीपीयूकडचं टोक) समजतो की बटण अजून दाबलेलंच आहे. कार्डाने केव्हाच बोट काढलेलं असतं. हँडलर खरं बोलतो, 'माझं नाही', आणि एक लाख फेऱ्यांनंतर लाइन बंद पडते.

एएसमीडियाचा एएसएम१०८३ हा ब्रिज याच वागण्यासाठी ओळखला जातो. २०११-१२ च्या सुमाराच्या अनेक मदरबोर्डांवर पांढरे पीसीआय स्लॉट त्याच्यामार्फत दिलेले होते. साउंड कार्ड, फायरवायर, टीव्ही ट्यूनर लावणारे सगळे या 'आयआरक्यू १६' पाशी येऊन थांबले.

तुमच्या हातात काय असतं? कार्ड एमएसआय देत असेल तर प्रश्नच मिटला, पण जुनी पीसीआय कार्डं सहसा देत नाहीत. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून ते निराळ्या ब्रिजमागे जातंय का पाहा. ते शक्य नसेल तर ड्रायव्हरमध्ये दोन गोष्टी करता येतात. एक, बटण पुन्हा दाबून सोडणं: कार्डाकडून मुद्दाम एक चाचणी इंटरप्ट उठवायचा आणि साफ करायचा, म्हणजे ब्रिजला डिअसर्ट पाठवायची नवी संधी मिळते. दर वेळी यश येईल असं नाही. दोन, कार्डाचा इंटरप्ट सुरुवातीपासूनच न वापरता टायमरवर पोलिंग करणं, म्हणजे ठरावीक वेळाने आपणच कार्ड पाहणं. कार्डाने असर्ट केलंच नाही तर ब्रिजला अडकायला जागाच राहत नाही. सेकंदाला काहीशे नमुने घेणाऱ्या कार्डासाठी मी दुसरा मार्ग बिनदिक्कत निवडतो. उच्च रिझोल्यूशन टायमरवर एक मिलिसेकंदाची फेरी आजच्या सीपीयूला जाणवतही नाही.

वादळ ओळखून आपोआप पोलिंगवर जाणारा ड्रायव्हर कसा लिहायचा?

कर्नलमध्येच दोन चांगले नमुने आहेत. लिहायला बसण्यापूर्वी दोन्ही वाचा.

पहिला टीपीएमचा. टीपीएम ही मदरबोर्डावरची सुरक्षेची छोटी चिप. थिंकपॅड टी४९०एस सारख्या काही लॅपटॉपांवर तिचा इंटरप्ट चालू केला की वादळ उठे. आधी अशा मशीनांची नावं यादीत घालून तिथे इंटरप्ट बंद ठेवला जाई. यादी वाढतच राहिली, तेव्हा २०२३ मध्ये ड्रायव्हरलाच डोळे दिले गेले: प्रत्येक अनाथ इंटरप्ट मोजायचा, मागचा अनाथ १०० मिलिसेकंदांहून जुना असेल तर मोजणी पुन्हा सुरू, १,००० च्या वर गेली की 'वादळ आढळलं, पोलिंगवर जात आहे' असं लॉगमध्ये लिहून इंटरप्ट सोडून द्यायचा. कर्नलच्या लाखाच्या मर्यादेपेक्षा ही कितीतरी आधी लागते, त्यामुळे वापरणाऱ्याला काही जाणवायच्या आत मामला आटोपतो.

यातली खाच अशी की 'फ्री_आयआरक्यू' हँडलरच्या आतून बोलावता येत नाही. ते फंक्शन चालू हँडलर संपण्याची वाट पाहतं, आणि चालू हँडलर तुम्हीच असता. म्हणून हँडलरने फक्त वर्कक्यूला (नंतर करायच्या कामांच्या रांगेला) काम सांगायचं आणि खरी सोडवणूक तिथे करायची.

दुसरा नमुना इंटेलच्या आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हरचा. मॉनिटर जोडला-काढला की येणारा हॉटप्लग इंटरप्ट खराब केबलमुळे किंवा कनेक्टरमुळे थयथयाट करू शकतो. तिथे एका सेकंदाची खिडकी आणि ५० ची मर्यादा आहे. लांब पल्स दहा धरली जाते, छोटी एक. मर्यादा ओलांडली की फक्त त्या कनेक्टरचा हॉटप्लग बंद होऊन पोलिंग सुरू होतं, बाकीचे कनेक्टर नेहमीसारखे चालतात. आणि दोन मिनिटांनी इंटरप्टला पुन्हा संधी मिळते. केबल नीट खोचली असेल तर सगळं पूर्ववत.

पुन्हा संधी द्यायची की नाही, हे दोषाच्या स्वभावावर ठरवा. सैल केबल सुधारू शकते. मदरबोर्डावर चुकीची जोडलेली तार सुधारणार नाही.

सामायिक लाइनवर मात्र टीपीएमचा उपाय जसाच्या तसा उचलू नका. लाइनवर तुम्ही एकटे असाल तर हँडलर काढला की लाइनच बंद होते आणि वादळ शमतं. शेजारी असतील तर लाइन चालूच राहते, तुमचं कार्ड बटण दाबून उभं, आणि 'माझं होतं' म्हणणारा कोणीच नाही. म्हणून आधी कार्डाचं तोंड बंद करा: त्याचं इंटरप्ट एनेबल रजिस्टर शून्य करा आणि वाचून खात्री करा. तेही ऐकत नसेल तर पीसीआय कमांड रजिस्टरचा दहावा बिट लावा. त्यानंतरच हँडलर काढा.

पोलिंगचा कोड वेगळा लिहू नका. हँडलर आणि पोलिंग दोघांनी एकच 'काम काय आहे ते पाहा आणि करा' हे फंक्शन बोलवावं, एकाच स्पिनलॉकखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाखाली). टायमरमधून लॉक घेताना इंटरप्ट बंद करणारा प्रकार वापरा, कारण त्याच सीपीयूवर मध्येच हँडलर आला तर मशीन जागच्या जागी गोठेल.

इंटरप्ट जास्त येत नाहीत, उलट अधूनमधून एखादा हरवतो. हे कसं पकडायचं?

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यात चाचणी यंत्रावर एफपीजीएचं (आतली रचना प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचं) डेटा घेणारं कार्ड बसवलं होतं. ते एमएसआयवर छान चाले आणि दिवसा-दोन दिवसांत एकदा गप्प बसे. ना लॉग, ना एरर. रीबूट केलं की पुन्हा ठीक. तिथल्या मंडळींनी रीबूटचं वेळापत्रकच लावून घेतलं होतं.

शेवटी दोन गोष्टी सापडल्या. त्या कार्डात ज्या बिटावर एक लिहावा तो पुसला जाई; ड्रायव्हर स्टेटस वाचायचा आणि साफ करताना सगळे बिट एक लिहायचा. वाचणं आणि साफ करणं यांमधल्या क्षणात दुसरा बिट लागला तर तो न पाहताच पुसला जाई. साफ करताना जे वाचलं तेवढंच लिहायचं, हा नियम तिथे मोडला होता. दुसरी गोष्ट कार्डाची: स्टेटस शून्यावरून वर जाईल तेव्हाच ते एमएसआय पाठवे. हँडलर बाहेर पडताना एक बिट जरी लागलेला राहिला तरी स्टेटस पुन्हा शून्य होणार नाही आणि नवा इंटरप्ट कधीच येणार नाही. हा एफपीजीएच्या रचनेतला दोष होता आणि कार्ड बदलणं शक्य नव्हतं. ड्रायव्हरमध्ये तो असा निभावला: स्टेटस शून्य दिसेपर्यंत फिरत राहायचं, फेऱ्यांना वरची मर्यादा ठेवायची, आणि मर्यादा संपली तर कार्डाचं एनेबल रजिस्टर क्षणभर शून्य करून परत लावायचं, म्हणजे कार्ड राहिलेल्या बिटासाठी नवा एमएसआय पाठवतं.

त्यावर पहारा म्हणून एक टायमरही ठेवा. तो सतत चालू ठेवायची गरज नाही. कार्डाकडून काही येणं बाकी असेल तेव्हाच लावायचा. एनव्हीएमई (एसएसडी डिस्कांचा) ड्रायव्हर हेच करतो. विनंतीची मुदत संपली की सरळ रीसेट करण्याआधी तो कम्प्लिशन क्यू (पुऱ्या झालेल्या कामांची रांग) स्वतः पाहतो. काम झालेलं असेल तर 'टाइमआउट, कम्प्लिशन पोल्ड' असं लिहून पुढे जातो. लॉगमधली ती ओळ मोलाची आहे: डिस्कने काम केलं होतं, इंटरप्ट तेवढा पोचला नाही. जुन्या आयडीई-साटा कोडात 'लॉस्ट इंटरप्ट' असा मेसेज त्याच जातीचा.

बूट करताना 'आयआरक्यूपोल' दिलं की सगळं चालतं. तसंच राहू दे का?

निदानासाठी आणि अडल्या वेळी, हो. कायमचं नको. 'आयआरक्यूफिक्सअप' दिलं तर अनाथ इंटरप्ट आला की कर्नल इतर लाइनवरच्या हँडलरांनाही विचारतो. 'आयआरक्यूपोल' त्यापुढे जाऊन प्रत्येक टायमर इंटरप्टलाही ही चौकशी करतो. एका कार्डासाठी साऱ्या मशीनला हा भार. केडम्पच्या (कर्नल कोसळल्यावर मेमरी जतन करायला सुरू होणाऱ्या) कर्नलमध्ये मात्र हा पर्याय हक्काने देतात, कारण कोसळलेल्या कर्नलने डिव्हाइसं कोणत्या अवस्थेत सोडली हे तिथे ठाऊक नसतं.

'नोआयआरक्यूडीबग' तर देऊच नका. त्याने बिघाड जात नाही, बिघाड ओळखणं बंद होतं.

हँडलरमध्येच 'डिसेबल_आयआरक्यू' केलं तर?

मशीन अडकेल. ते फंक्शन हँडलर संपायची वाट पाहतं. आतून बोलवायचं तर 'नोसिंक' असलेलं रूप आहे. पण सामायिक लाइनवर दोन्ही नकोत. तुमच्या एका कार्डासाठी शेजाऱ्यांची घंटा कापली जाते.

माझ्या लाइनवर वादळ आहे, पण माझं कार्ड तर रिकामं बसलंय. दुसऱ्या लाइनचा इंटरप्ट माझ्याकडे येऊ शकतो का?

येतो, आणि याला 'बूट इंटरप्ट' म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमने आयओ-एपिक हाती घेण्याआधी इंटरप्ट जुन्या कंट्रोलरपर्यंत पोचावेत, म्हणून इंटेलच्या बऱ्याच जुन्या सर्व्हर चिपसेटमध्ये एक आडवाट ठेवलेली असते: आयओ-एपिकमधली नोंद मास्क (तात्पुरती झाकलेली) असेल तर तो इंटरप्ट निराळ्या लाइनवर वळवला जातो. बूट झाल्यावर ही वाट बंद व्हायला हवी, पण सगळीकडे ती बंद होत नाही. मग कोणत्याही ड्रायव्हरने आपली लाइन थोडा वेळ मास्क केली की त्याचा इंटरप्ट तुमच्या दारात येतो.

थ्रेडेड हँडलर (मुख्य काम वेगळ्या थ्रेडमध्ये करणारा) वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं. 'वनशॉट' फ्लॅग असेल तर थ्रेडचं काम संपेपर्यंत लाइन मास्क ठेवली जाते, म्हणजे आडवाट दर इंटरप्टला उघडते. म्हणूनच रिअल-टाइम कर्नलवर काम करणाऱ्यांना हा प्रकार लवकर भेटतो. कर्नलमध्ये माहीत असलेल्या चिपसेटांसाठी ती वाट बंद करणारे क्वर्क आहेत, आणि बूट इंटरप्टवर स्वतंत्र दस्तऐवजही आहे. तुमच्या ड्रायव्हरपुरता सोपा मार्ग: लाइन मास्क करण्यावर न विसंबता प्राथमिक हँडलरमध्ये कार्डाचाच इंटरप्ट बंद करा आणि थ्रेडच्या शेवटी चालू करा.

'स्प्युरियस ८२५९ए इंटरप्ट: आयआरक्यू ७' हा मेसेजही त्यातलाच का?

नाही. इंटरप्टची मागणी आली आणि सीपीयूने विचारेपर्यंत निघून गेली, तर ८२५९ए ही जुनी इंटरप्ट कंट्रोलर चिप ठरल्याप्रमाणे सातवा क्रमांक देते. एखादवेळी दिसला तर सोडून द्या.

लॅपटॉपवर एक केवर्कर (कर्नलचा मागे चालणारा थ्रेड) शंभर टक्के सीपीयू खातोय. हेही इंटरप्टचं वादळच?

बहुधा एसीपीआयच्या जीपीईचं, म्हणजे फर्मवेअरकडून येणाऱ्या झाकण-बॅटरीसारख्या सूचनांचं. '/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स' खालच्या फाइलींमध्ये कोणाचा आकडा धावतोय ते पाहा आणि त्या फाइलीत 'डिसेबल' लिहा. कायमसाठी 'एसीपीआय_मास्क_जीपीई' हा बूट पर्याय आहे. मात्र त्या जीपीईवर झाकण किंवा बॅटरीची सूचनाही येत असेल तर तीही बंद होईल, तेव्हा नंतर झाकण मिटून पाहा.

वर्कअराउंड, म्हणजे दोषाला वळसा घालणारा कोड, नेमका कुठे लिहायचा?

दोषाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या. चिप सदोष असेल तर ड्रायव्हरमध्ये, व्हेंडर आणि डिव्हाइस आयडीवर. रिव्हिजन माहीत असेल तर तीही तपासा, म्हणजे पुढच्या दुरुस्त चिपला शिक्षा नको. ब्रिज किंवा चिपसेट सदोष असेल तर पीसीआयच्या क्वर्क्स फाइलीत. एकाच मॉडेलच्या मदरबोर्डावरची जोडणी चुकलेली असेल तर डीएमआय (बायोसने दिलेल्या मशीनच्या नावांच्या) यादीत.

प्रोबमधला (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमधला) क्रमही इथेच सांगतो, कारण निम्मे वर्कअराउंड त्याने अनावश्यक ठरतात: आधी कार्डाचे इंटरप्ट बंद करा, साचलेलं स्टेटस साफ करा, मग हँडलर नोंदवा, आणि सगळ्यात शेवटी कार्डाचे इंटरप्ट चालू करा. काढताना बरोबर उलट.

कॉमेंटमध्ये लक्षण लिहा, कोणत्या हार्डवेअरवर पाहिलं ते लिहा, आणि वर्कअराउंड लागू झाला की लॉगमध्ये एक ओळ, एकदाच, छापा.

हे सगळं तपासायला सदोष हार्डवेअर आणायचं कुठून?

क्यूएमू या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये 'एज्यू' नावाचं शिकण्यासाठीचं पीसीआय डिव्हाइस आहे. त्याच्या ६० हेक्स या पत्त्यावर आकडा लिहिला की ते इंटरप्ट उठवतं, २४ हेक्सवर स्टेटस वाचता येतं आणि ६४ हेक्सवर लिहिलं की इंटरप्ट मिटतो. एमएसआय चालू न करता जुन्या लाइनवर हँडलर नोंदवा, ६० वर लिहा आणि ६४ वर मुद्दाम लिहू नका. हँडलरमधून 'नन' परत करा. काही क्षणांत तोच 'नोबडी केअर्ड' मेसेज तुमच्या स्वतःच्या कोडामुळे आलेला दिसेल, आणि '/प्रॉक/इंटरप्ट्स' मधला आकडा एक लाखापाशी थबकलेला. मग तुमची वादळ ओळखणारी मोजणी घाला आणि ती लाखाच्या आधी कामाला लागते का ते पाहा.

कर्नल 'डीबग_एसएचआयआरक्यू' पर्याय चालू करून बांधा. सामायिक हँडलर काढताना तो मुद्दाम एक जादा हाक मारतो. ज्या ड्रायव्हरने आधी रजिस्टरांची मॅपिंग सोडली आणि मग हँडलर काढला, तो त्याच हाकेला कोसळतो.